गाव भरतं ते हिवाळ्यात

जुलैमध्ये उत्तर स्वीडनमधलं आमचं लुलेओ ओस पडतं. रात्री अकराला खिडकीत बसून पेपर वाचता येईल इतका उजेड, हवा आपल्या महाबळेश्वरसारखी, नदीकाठी फुलंच फुलं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. स्वीडिश माणसाची चार-पाच आठवड्यांची रजा सुरू झाली की तो बायकामुलं, कुत्रा आणि ग्रिलचे कोळसे गाडीत भरून आपल्या उन्हाळी घरी निघून जातो. लुलेओसमोरच्या समुद्रात तेराशेच्या वर लहानमोठी बेटं आहेत, आणि गावातल्या निम्म्या लोकांचं कुठल्या ना कुठल्या बेटावर एखादं लाल रंगाचं लाकडी घर असावं असा माझा संशय आहे. तिथे पाहुणे नको असतात. शांतता हवी असते, म्हणून तर जायचं. शेजारी पुन्हा दिसतात ते ऑगस्टच्या मध्यावर, उन्हाने लाल होऊन, आणि 'मजेत गेला उन्हाळा' एवढंच सांगतात.

भारतातून फोन आला की मात्र चौकशी हिवाळ्याची. "थंडीत कसं गं राहता तुम्ही?" हे ज्या आवाजात विचारलं जातं तो आवाज एरवी ऑपरेशननंतर भेटायला आलेल्यांचा असतो. मी सांगत राहते, की अगं, माणसं भेटतात ती हिवाळ्यातच. उन्हाळा इथे ज्याचा त्याचा असतो, हिवाळा सगळ्यांचा. कुणाला पटत नाही. म्हणून एकदा सविस्तरच लिहायला बसले.

लुलेओ स्वीडनच्या उत्तर भागात, बॉथनियाच्या आखातावर आहे. आर्क्टिक वृत्त इथून साधारण शंभर किलोमीटर वर राहिलं, त्यामुळे सूर्य आमच्याकडे पुरता दडी मारत नाही. डिसेंबरअखेरीस पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि एकच्या आसपास मावळतो. उगवतो म्हणजे काय, तर झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले लोक कामाशिवाय बाहेर येऊन भिंतीला पाठ लावून उभे राहतात, चेहरा त्या उजेडाकडे करून. बोलत कुणी नाही. सूर्यनमस्कार म्हणा हवं तर.

खरं वाईट असतं ते नोव्हेंबरमध्ये. अंधार आलेला असतो, बर्फ आलेला नसतो. आला तरी दुसऱ्या दिवशी वितळून त्याचा काळा राडा होतो. त्या महिन्याबद्दल माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे, मुलांच्या जाकिटांवर लोंबणारे चमकपट्टे, एवढीच काय ती खरेदी. मग एका रविवारी अॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा काळ, लागतो आणि घराघरांच्या खिडक्यांत कागदी चांदण्या आणि विजेच्या मेणबत्त्यांच्या कमानी उभ्या राहतात. अगदी सगळ्या घरांत, ज्यांचा देवाशी काही संबंध नाही त्यांच्याही. १३ डिसेंबरला लुसियाचा सण. भल्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये दिवे मालवतात, पांढरे झगे घातलेली पोरं हातात दिवा घेऊन ओळीने येतात, पुढे डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली एक मुलगी. नंतर केशर घातलेले वळणदार पाव आणि कॉफी. केशर इथे दुकानात गल्ल्यापाशी मिळतं, अर्ध्या ग्रॅमच्या पुड्यांत. लोक ते पुडीनिशी पिठात रिकामं करतात. चार काड्या दुधात खलून श्रीखंडाला पुरवणाऱ्या घरातून आलेली मी, पहिल्यांदा ते पाहताना माझा जीव खालीवर झाला होता.

पण हे सगळं घरातलं, छपराखालचं. मला सांगायचंय ते समुद्राविषयी.

बॉथनियाच्या आखाताच्या या टोकाला इतक्या नद्या येऊन मिळतात की पाण्याला समुद्र म्हणायचं ते केवळ नकाशात दाखवलाय म्हणून. मोठ्या महासागरात हजार भाग पाण्यात पस्तीस भाग मीठ असतं, इथे ते तीनाच्या आसपास. मालवणच्या दांड्यावर नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला हे पाणी चाखून फसवल्यासारखं वाटतं. असं अळणी पाणी लवकर गोठतं. जानेवारीत बर्फ पुरेसा जाड झाला की नगरपालिकेची माणसं त्यावर उतरतात, भोकं पाडून जाडी मोजतात, आणि मग चक्क समुद्रावर रस्ता काढतात. बर्फ बाजूला लोटून गुळगुळीत केलेला रुंद रस्ता, गावाच्या उत्तरेकडच्या बंदरापासून वळसा घालून दक्षिणेकडच्या बंदरापर्यंत. त्याचा एक फाटा निघून ग्रोशेलोरेन नावाच्या छोट्या बेटावर जातो. लांबच्या बेटांवर बारमाही राहणारी काही कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी गाड्यांचा वेगळा रस्ता असतो. त्याच्या सुरुवातीला किती वजनाची गाडी चालेल याची पाटी.

फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या उन्हाच्या रविवारी या रस्त्यावर या. अख्खं गाव समुद्रावर उतरलेलं असतं. स्केट घातलेले लोक सुसाट जात असतात, त्यांच्यामधून बाबागाड्या ढकलणारे बाप, कुत्री, वॉकर घेतलेले म्हातारे, शाळेतल्या पोरांचं टोळकं. कुणी स्लेजवर पोर बसवून दोरीने ओढतंय. आणि स्पार्क घेतलेल्या आज्या. स्पार्क म्हणजे लांब पोलादी धावपट्ट्यांवर बसवलेली लाकडी खुर्ची. मागच्या दांड्याला धरायचं, एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्या पायाने रेटा देत जायचं. पुढच्या खुर्चीत नातू, नाहीतर किराणा.

आमच्या शेजारच्या आजींकडे असा जुना स्पार्क आहे. इथे डॉक्टरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत, पण ऐंशीच्या घरातल्या बाईला नावाने हाक माझ्या तोंडून सुटत नाही, म्हणून मनातल्या मनात त्या आजीच. एकाच जिन्यावर राहून वर्षभर आमचं बोलणं 'हे' आणि 'हे हे' या इथल्या नमस्कारांच्या पलीकडे गेलं नव्हतं. त्यात काही तुसडेपणा नाही. दुसऱ्याच्या निवांतपणात घुसू नये हा इथला सभ्यपणा आहे. दार उघडण्याआधी भोकातून बघून जिन्यात कुणी नाही याची खात्री करून घेणारे लोक मी पाहिलेत. पण तीच बाई बर्फावर भेटली तेव्हा थांबली, स्पार्क माझ्याकडे सरकवत म्हणाली, "बस. तुला ढकलते." मी नको नको म्हणत असताना तिने मला बसवलं आणि दणादण पाय मारत निघाली. त्या फेरीत मला तिच्या नवऱ्याचं आजारपण, पोलाद कारखान्यातली त्याची नोकरी, गॉथेनबर्गला गेलेला मुलगा आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन एवढं सगळं कळलं. मोकळ्या जागी कदाचित बोलणं सोपं जात असावं. तिथे कुणाच्या दारात कुणी उभं नसतं, आणि कंटाळा आला तर थंडीचं निमित्त सांगून केव्हाही निघता येतं.

रस्त्याच्या कडेला, जरा आत, भोकाशी बसलेले मासेमार दिसतात. त्यातले एक निवृत्त बस-ड्रायव्हर आमच्या ओळखीचे झाले. त्यांनी मुलाला सगळं शिकवलं. लांबलचक गिरमिट बर्फात फिरवत जायचं. अर्धा-पाऊण मीटर खाली गेलं की एकदम हाताला हिसका बसतो आणि काळं पाणी भोकातून वर येतं. मग त्यावरचा भुगा झाऱ्याने काढायचा. होय, झाराच, आपल्याकडे भजी काढतात तसा. काठी जेमतेम वीतभर. रेनडियरच्या कातड्यावर बसायचं, गळ सोडायचा आणि मनगट हलकेच वरखाली करत राहायचं. एक तास गेला, काही लागलं नाही. दुसऱ्या तासाला मुलगा म्हणाला, "काका, मासे आहेत ना खाली?" ते म्हणाले, "कॉफी आहे ना वर?" आणि थर्मास उघडला. शेवटी लागलेले तीन आबोरे त्यांनी आम्हाला दिले. पट्ट्यापट्ट्यांचा, काटेरी पाठीचा मासा, खवले इतके घट्ट की सुरी सटकते. घरी कोकम घालून तिखलं केलं. खरं सांगायचं तर बांगड्याची सर नाही. पण मुलाने काटेसुद्धा चोखून खाल्ले.

बर्फावर जाताना गळ्यात एक दोरी घालतात, तिच्या दोन टोकांना लाकडी मुठीचे खिळे. बर्फ फुटून आत पडलंच तर ते काठावर रोवून स्वतःला वर ओढायचं. नितळ, कडक बर्फ निदान दहा सेंटिमीटर असल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही आणि एकट्याने जायचं नाही, हे इथे पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. रात्री थंडी वाढली की बर्फ ताणतो आणि लांबवर तोफ डागल्यासारखा आवाज येतो. घाबरवणारा आवाज आहे, पण बस-ड्रायव्हर काकांच्या मते बर्फ बोलत असतो तोवर काळजी नाही. मी तरी त्यांच्यावर विश्वास ठेवून किनाऱ्याजवळच असते.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. आपल्याला वाटतं, बर्फ पडला की रस्ते बंद. उत्तरेत पिढ्यान् पिढ्या उलटं होतं. उन्हाळ्यात इथे मैलोन् मैल दलदल, मध्ये नद्या, डासांचे ढग; माणूस जाणार कसा? हिवाळ्यात दलदल गोठते, नदी गोठते, तळी गोठतात, वर बर्फ दाबून बसतो आणि घसरगाडीला सगळा मुलूख मोकळा होतो. माल न्यायचा तो हिवाळ्यात, सोयरीक बघायची ती हिवाळ्यात, बाजार भरवायचा तोही हिवाळ्यात. आमच्या सिंधुदुर्गात पाऊस सरला, वाटा सुकल्या, भात कापून झालं की कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि दशावतारी गावोगाव फिरायला लागतात, तसंच हे. फक्त इथे वाटा सुकत नाहीत, गोठतात.

लुलेओच्या बाहेर दहाएक किलोमीटरवर गामेलस्ताद आहे, म्हणजे मूळ गाव. पंधराव्या शतकातलं दगडी चर्च आणि त्याला बिलगून चारशेच्या वर लाल लाकडी घरं. एकाही घरात बारमाही कुणी राहत नाही. लांबून चर्चला येणाऱ्या लोकांना त्याच दिवशी परत जाता यायचं नाही, म्हणून त्यांनी मुक्कामापुरती घरं बांधली. तरुण मंडळींची लग्नं तिथेच जुळायची म्हणतात, ते पटण्यासारखं आहे. १९९६ पासून ही वस्ती युनेस्कोच्या यादीत आहे. मूळ बंदरही इथेच होतं. पण हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने दबलेली इथली जमीन अजून वर येतेय, वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर, त्यामुळे बंदर उथळ होत गेलं आणि १६४९ मध्ये गाव उचलून आताच्या जागी नेलं. समुद्र आत आल्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले; इथे तो मागे जातो.

आणि योकमोकचा बाजार. लुलेओपासून पावणेदोनशे किलोमीटर, आर्क्टिक वृत्ताच्या जरासं वर, तीनेक हजार वस्तीचं गाव. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत तिथे हजारो माणसं लोटतात. १६०५ मध्ये राजा नववा कार्ल याने हुकूम काढून हे बाजार ठरवून दिले. सामी लोक, म्हणजे उत्तरेतले रेनडियर पाळणारे मूळ रहिवासी, हिवाळ्यात रेनडियर घेऊन जंगलात उतरत, तेव्हा ते एका ठिकाणी सापडतील, व्यापारावर लक्ष राहील, कर वसूल होईल आणि चर्चचं प्रवचनही कानावर घालता येईल, असा तो सरकारी हिशेब. पुढे सामींचे धार्मिक विधींचे ढोल जप्त झाले, पोरांना वेगळ्या शाळांत घातलं गेलं. स्वीडिश चर्चने या सगळ्याची माफी मागितली, आधी उप्सालाला आणि मग २०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या लुलेओच्या कॅथेड्रलमध्ये. योकमोकच्या वरच्या अंगाला नदीवर धरणं आहेत. आमच्या खिडक्यांतल्या चांदण्या त्याच पाण्यावर पेटतात, आणि त्या पाण्याखाली कुणाची तरी कुरणं गेली. तरी वसुलीसाठी भरवलेला बाजार सामींनी चारशे वर्षांत आपला करून टाकला.

आम्ही गेलो तेव्हा पारा उणे अठ्ठावीस होता. पापण्या पांढऱ्या होतात, नाकातले केस काड्यांसारखे टोचतात, खिशातला फोन मान टाकतो. पण गल्लीत शिरलं की जत्राच. रेनडियरच्या शिंगाच्या मुठीचे सुरे, बर्चच्या गाठीतून कोरलेले पेले, कथलाच्या चमकत्या बारीक तारा विणून केलेली कातडी कडी, ढीगभर लोकरी मोजे, वाळवलेलं मांस, क्लाउडबेरीचा मुरंबा. सामी बायका निळ्या-लाल पोशाखात, खांद्यावर झालरीची शाल आणि चांदीची पदकं, एकमेकींच्या शालीचं टाचण न्याहाळत उभ्या. बायका सगळीकडे सारख्याच. तंबूत चुलीवर धुरावलेलं रेनडियरचं मांस परततात आणि मऊ भाकरीत गुंडाळून देतात. खाताना हातमोजा काढावा लागतो, त्यामुळे जेवण घाईचं.

दुपारी लोक एकदम बाजूला झाले. पुढे एक वयस्क सामी पुरुष, हातात दोर, त्याच्या मागे एकामागे एक बांधलेले रेनडियर, मागच्या घसरगाडीत कातड्यांत गुरफटलेलं एक पोर. घंटा फारशा नाहीत, गाणं नाही. आवाज येत होता तो फक्त टक-टक-टक असा. रेनडियर चालताना त्यांच्या पायातली शीर हाडावरून सरकते आणि तो आवाज होतो. धुक्यात, हिमवादळात कळप एकमेकांना सोडत नाही तो म्हणे या आवाजावर. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हे सांगितलं, आणि मी कुठून आले विचारलं. भारत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुमच्याकडे एवढी गर्दी रोजच असेल." यात टोमणा अजिबात नव्हता, हेवा असावा.

आमच्या गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुणी तांत्रिक विद्यापीठात, कुणी पोलादात, कुणी फेसबुकच्या डेटा सेंटरात. संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही आता जंगलात करतो. इथे वाटेवर जागोजागी तीन भिंतींचे लाकडी निवारे असतात, समोर शेकोटीची जागा. कुणीही यावं, लाकडं पेटवावी, निघताना आवरून जावं. १३ जानेवारीला स्वीडिश लोकांचा ख्रिसमस संपतो, त्या दिवशी झाड घराबाहेर टाकतात. नेमकी तेव्हाच आपली भोगी. त्यामुळे त्या शनिवार-रविवारी त्यांनाही काही कार्यक्रम नसतो, येतात. कुंकू लावायचं तर आधी लोकरी टोपी कपाळावरून वर सरकवावी लागते. उणे पंधरात तिळाची वडी दगड होते. ती शेकोटीच्या कडेला ठेवून मऊ करून खायची हा शोध आजींचा. त्याच शेकोटीवर स्वीडिश पाहुण्यांच्या मुलांचे सॉसेज भाजत असतात. वाण म्हणून यंदा आम्ही बुटात घालायच्या लोकरी गाद्या वाटल्या. पुरुषांनाही दिल्या, इथे बायकांपुरता कार्यक्रम म्हटलं तर कुणाला कळत नाही आणि समजवायला तेवढी थंडी सोसत नाही.

आइस हॉकीचं मी थोडक्यात आटोपते, कारण मला त्यातला चेंडू अजून दिसत नाही. (चेंडू नसतो, चकती असते, एवढं शिकलेय.) १९९६ नंतर लुलेओच्या पुरुष संघाने थेट २०२५ च्या वसंतात अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा लिफ्टमध्ये मान खाली घालून उभे राहणारे लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारताना मी डोळ्यांनी पाहिले.

आईला यंदा इकडे आणायचं ठरलंय. सगळ्यांनी तिला जून सुचवला. मी म्हटलं, फेब्रुवारीत ये, योकमोकला नेते. ती आंगणेवाडीच्या पलीकडच्या गावची; भराडीदेवीची जत्राही साधारण याच दिवसांत असते. "देवीची तारीख लागल्याशिवाय मी तिकीट काढूचंय नाय," तिने सांगून टाकलं. तिकडे तारीख देवीच्या हुकुमाने ठरते, इकडे दरवर्षीचा ठरलेला गुरुवार. दोन्ही एकाच आठवड्यात आल्या तर काय करायचं यावर घरात चर्चा चालू आहे. मग तिने विचारलं, "आणि इतक्या थंडयेत जत्रा? कोण येता थंय मरूक?" मी गर्दीचे फोटो पाठवले. तासाभराने तिचा निरोप आला: सुकटीचो बाजार खंयच्या बाजूक भरता?